वाचनालयात गाण्याची बैठक



कोल्हापूर शहरात दोन संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत. एक करवीर नगर वाचन मंदिर, स्थापना १८५०. दुसरी गायन समाज देवल क्लब, स्थापना १८८३. एकीकडे पुस्तके, दुसरीकडे गाणे. पहिल्या ठिकाणी आवाज करायचा नाही आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तक उघडायचे नाही, अशी वाटणी आपण सगळ्यांनी मनोमन मान्य केलेली आहे. कुणी तसा ठराव केलेला नाही, पण पाळतो मात्र सगळेच.

आज मला एवढेच म्हणायचे आहे की ही वाटणी कोल्हापूरला परवडणारी नाही. या शहराची निम्मी विद्या छापली गेलेलीच नाही. ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात आली आणि तिथून पुढे गेली. लोकांची विद्या सांभाळायची आणि मागेल त्याला द्यायची, हे जर सार्वजनिक ग्रंथालयाचे काम असेल, तर त्याच्या छताखाली गाणे झालेच पाहिजे. गर्दी जमवण्यासाठी किंवा वर्धापनदिनाची शोभा वाढवण्यासाठी नव्हे, तर ग्रंथालयाच्या संग्रहाचा एक भाग म्हणून.

हा विचार मांडायला कोल्हापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे मी म्हणतो त्याला आधार आहे. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा आला १९४८ मध्ये आणि महाराष्ट्र राज्याचा १९६७ मध्ये. वाचन ही प्रजेची गरज आहे आणि तिची तरतूद राज्याने करायची आहे, हे कोल्हापूर संस्थानाने कायद्याच्या भाषेत सर्वांच्या आधी सांगितले.

त्याच संस्थानाने त्याआधी अर्धे शतक गाण्याचीही तरतूद केली होती. १८९४ ते १९२२ ही राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द. त्यांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात राहिले आणि जयपूरच्या नावाने ओळखली जाणारी गायकी पंचगंगेकाठी रुजली. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान झाले. त्याला लागून पॅलेस थिएटर उभे राहिले आणि १९१५ मध्ये ते खुले झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. तालीम, नाटक, गाणे आणि ग्रंथ या चारही गोष्टींना एकाच तिजोरीतून पैसा जात होता. संस्थान विलीन झाले आणि हा एकत्र संसार मोडला. ग्रंथालयाच्या वाट्याला कायदा, वर्गवारी आणि अनुदान आले. नाट्यगृह महापालिकेकडे गेले. गाणे मात्र रसिकांच्या वर्गणीवर आणि कलावंतांच्या चिकाटीवर उरले.

ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. इथे बसलेल्या अनेकांनी दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन डोळे पुसले असतील. नाट्यगृह पुन्हा उभे करायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या आगीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शहराने आपले सगळे सूर एकाच मोठ्या रंगमंचावर ठेवले होते. लहान जागा आपण वाढवल्याच नव्हत्या.

आता कुणी म्हणेल, वाचनालय आणि शांतता यांचे नाते फार जुने आहे, ते कसे मोडायचे? माझे उत्तर असे की ते नाते आपण समजतो तेवढे जुने नाही. आपल्याकडे ग्रंथ आधी ऐकला जाई. चातुर्मासात देवळात पोथी लागे. एकजण वाचे आणि पन्नासजण ऐकत. त्या पन्नासांतल्या कितीतरींना अक्षरओळख नसे, पण ओव्या तोंडपाठ असत. कीर्तनकार एका हाताने चिपळ्या वाजवत निरूपण करी आणि संतांचा ग्रंथ त्याच्या गळ्यातून गावभर जाई. ओवी आणि अभंग ही तर म्हणण्याचीच रूपे. मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचणे ही सवय आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली ती छापखान्याबरोबर आणि एकोणिसाव्या शतकातल्या नेटिव्ह लायब्रऱ्यांबरोबर. ती सवय चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. एवढेच की ती वाचनकक्षाची शिस्त आहे. तो संपूर्ण संस्थेचा धर्म नव्हे.

मराठी माणसाने वाढवलेल्या सर्वांत थोर ग्रंथालयाकडे पाहा. ते महाराष्ट्रात नाही, तंजावरला आहे. व्यंकोजीराजांच्या वंशातल्या भोसल्यांनी तिथे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महालाचा संग्रह जगभर नावाजला जाईल इतका वाढवला. त्याच राजवाड्यात संगीत महाल आहे. तंजावरचे तुळजाराजे स्वतः संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहीत आणि शहाजीराजे पदे रचत. सरफोजींच्या संग्रहात पाश्चात्य स्वरलिपीतली हस्तलिखितेही आहेत, कारण त्यांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा बँड होता. मराठी कीर्तनकारांनी तिथे नेलेल्या कीर्तनातून तमिळ हरिकथेने पुष्कळ काही घेतले. ग्रंथ जमवणारा राजा आणि गाणे ऐकणारा राजा एकच होता. पुस्तक एका वाड्यात आणि सूर दुसऱ्या वाड्यात, असा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, निधन १९४६ चे. ध्वनिमुद्रणाचे तंत्र त्यांच्या हयातीत हिंदुस्थानात येऊन चांगले स्थिरावले होते, पण त्यांच्या गाण्याची तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. मग त्यांचे काय उरले? उतारवयात त्यांनी नातवाला सांगितलेल्या आठवणी उरल्या, त्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. सांगवडे गावात जन्मलेले आणि देवल क्लबच्या वातावरणात घडलेले गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र उरले. बाकी सगळे शिष्यांच्या गळ्यात उरले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, चिरंजीव मंजी खाँ आणि भूर्जी खाँ. भूर्जी खाँसाहेब कोल्हापुरातच राहिले आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून अवकाशात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. कोल्हापूरच्या दरबारी गवयाची तालीम सूर्यमालेच्या बाहेर पोहोचली, आणि कोल्हापूरच्या वाचनालयात यायला तिला अजून मुहूर्त मिळालेला नाही.

एखाद्या वाचकाने आज कपाटातून टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ काढला, वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ काढली, बा. र. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ काढले, तर त्याच्या हाती काय लागते? ही तिन्ही पुस्तके मराठी गद्याचे वैभव आहेत. पण त्यांच्यात लयीशी बांधलेली आलापी, आकाराची तान, समेवर येण्याआधी घेतलेले वळण याविषयी पानेच्या पाने आहेत, आणि ज्याने हे कधी ऐकले नाही त्याला ती पाने मुकी वाटतात. बसंती केदार म्हणजे बसंत आणि केदार यांचा जोडराग, हे वाचून कळते. ते दोन राग एकमेकांत शिरतात कसे आणि कुठल्या स्वरावरून परत फिरतात, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ग्रंथालयाने पुस्तक दिले आणि ते उघडण्याची किल्ली मात्र दिली नाही.

आता कल्पना करा. त्याच वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी साठ-सत्तर माणसे सतरंजीवर बसली आहेत. टेंबे यांच्या पुस्तकातला एक उतारा कुणी दहा मिनिटे वाचला. मग जयपूर गायकीची तालीम घेतलेली एक गायिका तंबोरे जुळवून बसली आणि तिने पाऊण तास एकच जोडराग गायला. मध्ये थांबून एक जागा दोनदा दाखवली. शेवटी श्रोत्यांनी प्रश्न विचारले, आणि जाताना दाराशी मांडलेल्या टेबलावरून सात-आठजणांनी पुस्तके आपल्या नावावर टाकून घेतली. हा जलसा नव्हे, आणि संगीताचा वर्गही नव्हे. हे ग्रंथालयाचेच काम आहे, फक्त त्याला आवाज आहे.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक नियम असा की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. संगीतावरच्या मराठी पुस्तकांना त्यांचा वाचक मिळवून द्यायचा असेल, तर त्याला आधी श्रोता करावे लागेल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

हे ओळखणारा माणूस याच जिल्ह्याने दिला. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. ते शिकले मिरजेस, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली होती. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर चालणारे गाणे सामान्य माणसापर्यंत न्यायचे, हा ध्यास घेऊन पलुस्कर संस्थानी आश्रय सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांनी जाहीर मैफली केल्या, स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. तिकडे मुंबईत विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या कुलपात अडकलेल्या चिजा मिळवून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. दोघांनी गाण्याला ग्रंथ दिला. पण दोघांपैकी एकानेही केवळ ग्रंथावर भिस्त ठेवली नाही. ग्रंथाबरोबर शिकवणारा गळा हवा म्हणून त्यांनी विद्यालये काढली. आपण त्यांची पुस्तके कपाटात ठेवली आणि काम झाले असे समजलो.

शास्त्रीय संगीताबद्दल जे खरे आहे, ते लोकसंगीताबद्दल दुपटीने खरे आहे. शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा छापील पानावर वाचून पाहा, आणि मग डफ आणि झीलकऱ्यांसह तो उभा राहतो तेव्हा ऐका. पानावर इतिहासाची जंत्री राहते, आवाजात रक्त सळसळते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगर ढोल-कैताळावर नाचतात, ओव्या म्हणतात. त्या ओव्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती कुठल्या पुस्तकात सापडणार? जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी केले. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शब्द लिहून घेतले गेले, गाणाऱ्या बायांचे आवाजही मुद्रित झाले. दोन्ही एकत्र ठेवले म्हणूनच तो संग्रह आज जिवंत वाटतो. गावोगावच्या ग्रंथालयांनी हेच काम आपापल्या पंचक्रोशीपुरते करायला काय हरकत आहे?

जगात हे कुठे होते का? होते. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस हे जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. एलिझाबेथ कूलिज या बाईंनी दिलेल्या देणगीतून १९२५ मध्ये तिथे सुमारे पाचशे आसनांचे सभागृह झाले आणि तेव्हापासून तिथे मैफली होत आल्या आहेत. एरन कोपलंड यांची ‘अपॅलेशियन स्प्रिंग’ ही गाजलेली रचना १९४४ मध्ये प्रथम तिथेच सादर झाली, म्हणजे ती जन्मली ग्रंथालयात. १९३५ च्या सुमारास गर्ट्रूड व्हिटॉल या दुसऱ्या दानशूर बाईंनी त्या ग्रंथालयाला स्ट्रॅडिव्हेरियसची पाच तंतुवाद्ये दिली. ती नुसती काचेत राहू नयेत, वाजत राहावीत, ही त्यांची इच्छा होती. वाद्य वाजले नाही तर त्याचा लाकडी ठोकळा होतो, हे देणाऱ्या बाईंनाही कळत होते आणि घेणाऱ्या ग्रंथपालांनाही. इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००५ पासून तरुण गायक-वादकांचे कार्यक्रम सुरू झाले. कपाटे बाजूला सरकवून तिथे जागा करत. पुढे जगप्रसिद्ध झालेली अडेल सुरुवातीच्या काळात तिथे गाऊन गेली.

इतके लांब जायचे नसेल तर नाशिकला जाऊ. तिथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे. त्याच्या आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे आणि ते वाचनालयच चालवते. एकाच संस्थेच्या एका दालनात अभ्यासिका आणि दुसऱ्यात रंगमंच. नाशिककरांना यात काही वावगे वाटत नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप अभ्यासिकेचा. आज कुठल्याही वाचनालयात सकाळी सात वाजता जा. तिथे कादंबरी वाचणारा नसतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली असतात. पन्हाळा, राधानगरी, चंदगडहून येऊन शहरात खोली घेऊन राहिलेली. त्यांच्या खोलीत चारजण असतात, टेबल नसते. त्यांच्यासाठी वाचनालयातली शांतता ही चैन नाही, भविष्याचा प्रश्न आहे. त्यांच्या डोक्यावर तबला वाजवून संस्कृती जपण्याचा आव आणू नये. म्हणून नियम साधा ठेवावा. स्वतंत्र सभागृह असेल तिथेच बैठक करावी. नसेल तर साप्ताहिक सुट्टीच्या संध्याकाळी करावी. वेळ दीड तासाची असावी आणि ठरल्या मिनिटाला संपावी. परीक्षांच्या मोसमात बैठक घेऊच नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत, ती अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि बहुतेकांचा जीव अनुदानावर आहे. ड वर्गातल्या ग्रंथपालाला मिळणारे मानधन सांगायलाही संकोच वाटावा असे आहे. अशा संस्थेने कलावंताला बिदागी कुठून द्यायची? माझे म्हणणे असे की बिदागी द्यायचीच, थोडी का होईना, आणि ठरवून द्यायची. शाल आणि श्रीफळावर कलावंताचे घर चालत नाही. एका तालुक्यातल्या पाच वाचनालयांनी मिळून एक कलावंत बोलावला आणि पाच गावी फिरवला, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. वर्गणीदार सभासद असतातच. त्यांच्यातल्या दहाजणांनी एकेका बैठकीचा भार उचलला तर वर्ष निघते.

तिसरा आक्षेप दर्जाचा. दार उघडले की कोण येईल? सध्या गावोगावी कराओकेची मंडळे जोरात आहेत. मला त्यांचा राग नाही. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस हातात माईक धरून मोकळा होतो, हे चांगलेच आहे. पण त्यासाठी वाचनालयाची गरज नाही, कुठलेही सभागृह चालते. वाचनालयातल्या गाण्याला एक कसोटी लावावी. ऐकून घरी जाणाऱ्याला कपाटातले एखादे पुस्तक उघडावेसे वाटले पाहिजे, किंवा कपाटात नसलेली काहीतरी विद्या त्या संध्याकाळी संग्रहात जमा झाली पाहिजे. दोन्हींपैकी काहीच होणार नसेल तर तो कार्यक्रम दुसरीकडे करावा. आणि ध्वनिवर्धक शक्यतो लावूच नये. साठ माणसांसाठी तयार गळ्याला त्याची गरज नसते. शेजाऱ्यांना त्रास नाही आणि कानालाही खरा सूर ऐकायची सवय लागते.

चौथी गोष्ट हक्कांची, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. वाचनालयाने बैठक मुद्रित करून ठेवावी असे मी सांगणार आहे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळालेला आहे. त्याच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रण करता येत नाही. म्हणून आधी एका कागदावर लेखी संमती घ्यावी. मुद्रण कशासाठी, कुठे ऐकवले जाईल, इंटरनेटवर जाईल की नाही, हे त्यात स्वच्छ लिहावे. हल्ली समोर बसलेला प्रत्येक श्रोता मोबाइल उंच धरतो. वाचनालयात ते बंद ठेवायला सांगावे. चिजा लपवून ठेवणाऱ्या जुन्या उस्तादांना आपण नावे ठेवतो, पण आपली विद्या न विचारता कुणी उचलून नेईल ही त्यांची भीती आज मोबाइलने खरी करून दाखवली आहे.

या सगळ्यातून वाचनालयाला काय मिळेल? पहिले, जे लोक आज तिथे येत नाहीत ते येतील. तंबोऱ्यासाठी आलेला माणूस पुस्तकाजवळून जातो. दुसरे, दहा वर्षांनी त्या वाचनालयाकडे स्वतःचा ध्वनिसंग्रह असेल. त्या गावचा भजनी सोंगाड्या, हलगीवाला, भारूड म्हणणारी आजी, शास्त्रीय संगीत शिकलेली शिक्षिका यांचा तो संग्रह जगात दुसरीकडे कुठेही नसेल. पुस्तक पुण्याला मिळते, मुंबईला मिळते. हा आवाज फक्त कागलला किंवा गडहिंग्लजलाच मिळेल. प्रत्येक ग्रंथालयाजवळ असे काहीतरी हवे, ज्यासाठी बाहेरच्या अभ्यासकाने तिकीट काढून तिथे यावे.

शेवटी एक मागणी करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक अ आणि ब वर्ग वाचनालयाच्या कार्यकारिणीने पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. तीन महिन्यांतून एक बैठक, म्हणजे वर्षातून चार, एवढे पुरे. देवल क्लबसारख्या संस्थांनी कलावंत सुचवावेत आणि वाचनालयांनी जागा, पुस्तके आणि श्रोते द्यावेत. शिवाजी विद्यापीठातल्या संगीत आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्रण आणि नोंदणीचे काम शिकत शिकत करावे. सरकारकडे मागायचे तर एकच मागावे. वर्गवारी ठरवताना ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रे आणि सभासद मोजले जातात, त्या यादीत वाचनालयाने जमवलेला स्थानिक ध्वनिसंग्रहही मोजला जावा.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा करणाऱ्या संस्थानाच्या शहराला हे सुचले नाही, असे उद्या कुणी म्हणू नये. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपण ठेवू शकलो नाही. पण आज गाणारे आपल्यातच आहेत आणि सभागृहेही आहेत. त्यांना बोलवा.